अंगणवाडी आली कुठून, आणि तिच्यातलं काय वाटेत राहिलं

यंदा जूनच्या तोंडावर आमच्या घरात तीन दिवस एकच वाद चालला. भाची साडेतीन वर्षांची. तिला गल्लीतल्या अंगणवाडीत घालायचं, की रिक्षा लावून इंग्लिश मीडियमच्या केजीत? बहीण अजून विचारात होती, तेवढ्यात आईनं निकाल देऊन टाकला. "अंगणवाडी काय शाळा हाय का? खिचडी खायची न् घरी यायचं."

सोलापुरात हे वाक्य तुम्ही कुठंही ऐकाल. दत्तनगरात, साखर पेठेत, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्येसुद्धा. त्यात आईची चूक नाही, तिनं जे पाहिलं ते सांगितलं. पण अंगणवाडी ही कल्पना मुळात शाळेचीच होती, आणि ती एका मराठी बाईच्या कामातून उभी राहिली. ताराबाई मोडक. नाव ऐकलेलं असतं, "बालशिक्षण" एवढा एक शब्द त्याला चिकटलेला असतो, पुढचं कुणी सांगत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वयाची पोरं पुन्हा चर्चेत आणली आहेत, तर मुळापासूनच बघू.

## आधी शब्दांचा गुंता

पहिलीच्या आधी, साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात जे शिक्षण होतं त्याला सरकारी कागदावर "पूर्वप्राथमिक शिक्षण" म्हणतात. हा जड शब्द इथंच ठेवू. पुढं मी त्याला "आधीची शाळा" म्हणेन.

या आधीच्या शाळेची नावं मात्र पाच-सहा. नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी ही खासगी शाळांची. बालवाडी, बालमंदिर ही जुनी, बहुधा संस्थांनी चालवलेली. आणि अंगणवाडी सरकारी, फुकट, आणि तिच्यात शाळेखेरीज आणखी पाच कामं कोंबलेली.

आपल्या गावात हे समजवायला चादरीसारखी सोय नाही. मागावर आधी ताणा लागतो, म्हणजे उभे धागे. बीम भरताना तो सैल पडला, तर वर जकार्ड, म्हणजे नक्षी काढायचं यंत्र, कितीही भारीचा लावा, मोर वाकडाच निघणार. पहिली ते दहावी म्हणजे बाणा, आडवा धागा, नक्षी. तीन ते सहा म्हणजे ताणा. मेंदूच्या एकूण वाढीतली ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय. म्हणून त्या धोरणानं दहावीपर्यंतचं आणि पुढची दोन वर्षं असं १०+२ चं जुनं गणित मोडून ५+३+३+४ असा आकृतिबंध आणला. त्यातल्या पहिल्या पाचांत आधीच्या शाळेची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी येतात. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात याची सुरुवात झाली.

म्हणजे सरकारनं आता जे मान्य केलं, ते ताराबाई शंभर वर्षांपूर्वी करत होत्या.

## कोण होत्या ताराबाई?

जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२. माहेरचं आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं. त्या काळी मुली चौथीपुढं क्वचित जायच्या, ताराबाई १९१४ मध्ये बी. ए. झाल्या. लग्न करून अमरावतीला गेल्या, नवरा वकील. संसार टिकला नाही, १९२१ च्या सुमारास दोघं वेगळी झाली. पदरात एक मुलगी. एकट्या बाईनं मुलीला घेऊन जगणं त्या वेळच्या समाजात काय असेल, याचा अंदाज आजही आपल्याला फार ताण न देता करता येतो. समाज तेवढा बदललेला नाही.

त्यांना राजकोटला बायकांच्या अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद मिळालं. चांगला पगार, मान, बंगला. तिथं राहिल्या असत्या तर आज त्यांचं नाव एखाद्या कॉलेजच्या पाटीवर असतं, बास.

पण शेजारी भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. वकिली सोडून लहान पोरांत रमलेले. गुजरातेत लोक त्यांना "मूछाळी मा" म्हणायचे, मिशावाली आई. त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं होतं. ताराबाई १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून तिथं गेल्या. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. आधीच्या शाळेचं काम भारतीय भाषांत, भारतीय पोरांसाठी, संघटितपणे करणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी ही एक.

## माँटेसरीची पेटी

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी गंमत तिच्यात आहे.

"माँटेसरी" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रंगीत भिंतींची, फीवाली शाळा येते. मारिया माँटेसरी ही इटलीतली डॉक्टर. तिनं पहिलं बालगृह १९०७ मध्ये काढलं ते रोममधल्या एका गरीब कामगार वस्तीत. आईबाप कामावर गेले की पोरं जिन्यात धुडगूस घालायची, त्या पोरांसाठी. आपल्याकडं पोचेपर्यंत ती पैसेवाल्यांची झाली.

तिची पद्धत अशी की, मुलाला सांगू नका, हाताला सापडू द्या. तिचा गुलाबी मनोरा घ्या. दहा लाकडी ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा. मूल ते एकावर एक रचतं. मोठा ठोकळा चुकून वर गेला की मनोरा डुगडुगतो, पडतो. "चुकलं" म्हणून कुणी ओरडायची गरज नाही, ठोकळाच सांगतो. मूल परत रचतं. लहान-मोठं, चढता-उतरता क्रम, डोळा आणि हाताचा मेळ, हे गणिताचं मूळ त्याच्या बोटांत जातं. आकडा शब्दात यायच्या कितीतरी आधी.

अडचण एकच. ती साधनं महाग. बारकाईनं घडवलेलं लाकूड, ठरलेले रंग, ठरलेली मापं. भावनगरला आणि पुढं १९३६ मध्ये दादरला सुरू केलेल्या शिशुविहारात ते चालून गेलं, कारण येणारी पोरं बऱ्या घरची. नोकरदारांची, शिकलेल्यांची.

ताराबाईंना हेच टोचत राहिलं. भारत खेड्यांत राहतो आणि आपण शिकवतो दादरला.

## १९४५, बोर्डी : पोरं येईनात

त्रेपन्नाव्या वर्षी माणूस काय करतं? आमच्याकडं तरी पेन्शनचा हिशोब. ताराबाईंनी त्या वयात मुंबई सोडली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, समुद्राकाठच्या बोर्डी गावात १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी, असा अनुताईंचा प्रवास. त्या पस्तिशीच्या, ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या. ही जोडी पुढं ताराबाईंच्या शेवटापर्यंत टिकली.

गावात बालवाडी काढली. बऱ्या घरची पोरं आली. हरिजनवाड्यातली येईनात.

का? कारणं पुस्तकी नव्हती. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, तिला सोडून येता येत नाही. आई मजुरीला गेलेली, सोडायला कुणी नाही. अंगावर धड कपडा नाही. आणि गावातल्या चांगल्या जागेत आपल्या पोरानं पाऊल टाकावं की नाही, ही जातीनं शिकवलेली भीती तर होतीच.

दुसऱ्या कुणी कार्यकर्त्यानं "पालकांत जागृती नाही" असा अहवाल लिहून हात झटकले असते. या दोघींनी उलट केलं. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा पोरांच्या अंगणात न्यायची. वाड्यात जायचं, जे अंगण मिळेल ते झाडायचं, पोरांना गोळा करायचं, आधी न्हाऊ घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी-खेळ. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि ही अंगण बालवाडी. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, त्या कल्पनेचं मूळ या झाडलेल्या अंगणात आहे.

आणि साधनं? महागड्या पेटीऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, मातीची भांडी. लहान-मोठं शिकायला गुलाबी मनोराच हवा असं नाही, किनाऱ्यावरचे शिंपले चालतात. जड-हलकं शिकायला खडा आणि पीस पुरे.

१९५७ मध्ये हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. तिथं आणखी एक पेच. वारली पोरं गुरं राखायला जातात. त्यांच्या अंगणात जाऊनही उपयोग नाही, कारण पोरगं अंगणात नाहीच, ते कुरणात आहे. मग शिक्षक कुरणात गेले. तिला नाव पडलं कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, ती विकासवाडी. म्हणजे कडेवरच्या धाकट्याचीही सोय झाली आणि थोरली बहीण मोकळी झाली.

## हे सोलापूरला काय लागू?

फार लागू. पूर्व भागातल्या कुठल्याही घरात दुपारी डोकवा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं, हात चालू. विडीची मजुरी हजारावर मिळते. हजार विड्या वळायला दिवस जातो. पोराला किलोमीटरभर लांबच्या शाळेत सोडायचं, परत यायचं, बारा वाजता आणायला जायचं, यात शे-दीडशे विड्या बुडाल्या म्हणून समजा. त्या आईला बालशिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. तिला शाळा हाकेच्या अंतरावर हवी. बोर्डीत ताराबाईंना जे कळलं ते हेच.

जाता जाता एक. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. रिक्षावाला नुसतं "गोदूताई, गोदूताई" ओरडतो. त्या गोदूताई म्हणजे ज्यांनी १९४५ मध्येच वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं त्या. वर्ष तेच आणि मुलूखही साधारण तोच. एक बाई पाड्यात जाऊन वेठ मोडत होती आणि दुसरी जवळच्याच वाड्यात पोरांची नखं काढत होती. दोघींच्या वाटा वेगळ्या, राजकारण तर फारच वेगळं. त्या दोघींच्या कामाची फळं साडेचारशे-पाचशे किलोमीटरवरच्या आपल्या गावात एकाच गल्लीत भेटतात, याचं मला अप्रूप वाटतं.

## मग खिचडी आली कुठून?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्प. आज अंगणवाड्या सुमारे १४ लाख, त्यातल्या १ लाखाहून जास्त महाराष्ट्रात.

पण सरकार या योजनेकडं आलं ते शाळेच्या वाटेनं आलंच नाही, कुपोषणाच्या वाटेनं आलं. पोरं मरत होती, तेव्हा आधी जीव वाचवणं बरोबरच होतं. म्हणून अंगणवाडीकडं सहा कामं आली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मूल पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि सहावं, यादीत शेवटी, आधीची शाळा.

आता या सहांतलं मोजता काय येतं बघा. वजन किलोत मोजता येतं. लशीची तारीख लिहिता येते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची, हे तांदूळ-डाळीच्या हिशोबात बसतं. पण आज एका पोरीनं चिंचोके मोजताना पहिल्यांदा "तुझ्याकडं जास्त, माझ्याकडं कमी" असं म्हटलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? रकाना नाही. सरकारी कामात ज्याला रकाना नाही त्याला वेळ मिळत नाही. खिचडीनं शाळेला हाकललं असं नाही, रकान्यानं हाकललं.

आणि खिचडीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की उपाशी पोराला शिंपले देऊन काही शिकवता येत नाही. ताराबाईंनीही आधी न्हाऊ घातलं होतं.

## "खेळून काय शिकणार? पहिलीत लिहिता नको यायला?"

हा खरा सवाल. बहिणीनंही हाच विचारला.

भाचीला आम्ही मागच्या वर्षी चार महिने एका नर्सरीत घातलं होतं. नाव नको. दुसऱ्या आठवड्यात रेघांची वही, तिसऱ्यात ए. ती पेन्सिल मुठीत धरायची, सुरी धरतात तशी, आणि जोर देऊन कागद फाडायची. बाई रोज वहीत लाल शेरा द्यायच्या. पोरगी सकाळी पोट दुखतंय म्हणायला लागली.

पेन्सिल धरायला मनगट आणि तीन बोटं तयार लागतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून पक्की झालेली नसतात. बोटांना बळ येतं ते कणिक मळून, मणी ओवून, बिया निवडून, चिंध्या फाडून, चिखल थापून. हे सगळं झालं की पाच-सहाव्या वर्षी तेच मूल थोड्या दिवसांत लिहायला लागतं. आधी घाई केली तर अक्षर लवकर येतंही, नाही असं नाही. पण त्यापायी पोट दुखायला लागतं, त्याचा हिशोब कोण धरणार?

आपल्या आज्या पोरींना पोळपाटावर छोटा गोळा द्यायच्या, "लाट तुझी तू". त्यांनी माँटेसरी वाचली नव्हती.

## "पोरं घरात तेलुगू बोलतात, त्यांचं काय?"

सोलापूरचा हा खास प्रश्न, पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. पूर्व भागात घरोघर तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कुठं उर्दू. तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत येतं आणि बाई म्हणतात "पाणी पी". त्याला "नीळ्ळु" माहीत.

भावनगरला ताराबाई गुजरातीतून शिकवत होत्या, दादरला मराठीतून. कोसबाडला वारल्यांची बोली होती. सूत्र एकच, मुलाच्या तोंडात जी भाषा आहे तिथून सुरुवात. नवं धोरणही हेच सांगतं. आपल्याकडं याला वेगळा खर्चही लागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी सेविका त्याच गल्लीतली असते. ती "इक्कड रा" म्हणते आणि पोर येऊन मांडीला खेटतं. मग पुढच्या सहा महिन्यांत मराठी आपोआप कानावरून जाते. थेट इंग्रजीत ढकललेल्या पोरासाठी मात्र हा पूलच नसतो.

केजी वाईट असं मला म्हणायचं नाही. गाणी, माती, मोकळी जागा असलेल्या केजीही गावात आहेत. पाटीपेक्षा आत जाऊन अर्धा तास बसा. पोरांच्या हातात काय आहे बघा, पेन्सिल की वस्तू.

## "पण सेविका म्हणजे काय शिक्षिका आहे का?"

कायद्याच्या भाषेत, नाही. तिला वेतन मिळत नाही, मानधन मिळतं. फरक असा की वेतन हा नोकराचा हक्क, मानधन म्हणजे समाजकार्य करणाऱ्याला दिलेली रक्कम. केंद्राचा वाटा २०१८ पासून महिना ४,५०० रुपये, त्यात राज्य आपली भर घालतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविकेचं पद हे सरकारी नागरी पद नाही असं सांगितलं होतं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र मान्य केला. २०२३ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या सेविकांनी पन्नासहून जास्त दिवस संप केला, तो मानधन-पेन्शनसाठीच.

म्हणजे सहा कामं करायची, नव्या धोरणाप्रमाणं पायाभूत शिक्षणाची पहिली तीन वर्षंही सांभाळायची, पण शिक्षिका म्हणवून घ्यायचं नाही. ताराबाईंनी बोर्डीला अंगण बालवाडीबरोबरच बालसेविका घडवायचं कामही केलं, कारण लहान पोरांना शिकवणं हे सगळ्यात अवघड शिकवणं आहे, ते कुणालाही जमतं असं नाही, हे त्यांना माहीत होतं. आपण त्यांची कल्पना घेतली. त्या कल्पनेची किंमत द्यायची राहिली.

भाचीसाठी म्हणून गल्लीतल्या अंगणवाडीत मी एका सकाळी जाऊन बसलो. भाड्याची एक खोली, पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात वजनकाटा आणि तांदळाचं पोतं. एका टोपलीत यंत्रमागाच्या रिकाम्या कांड्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. शेजारच्या टॉवेल कारखान्यातून सेविकेनं मागून आणलेल्या. दुसऱ्या टोपलीत चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं. पोरं कांड्या एकावर एक रचत होती. पडल्या की हसत होती आणि परत रचत होती. कुणी "चुकलं" म्हणत नव्हतं. सेविका भिंतीला टेकून मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये वजनं भरत होती. रेंज जात-येत होती, त्यामुळं एकच नाव तीनदा भरावं लागत होतं. फोन वरच्या दिशेनं धरून ती मला म्हणाली, "हे झालं की गाणं घेते, सर."

एका पोरीच्या सात कांड्या उभ्या राहिल्या होत्या. श्वास रोखून तिनं आठवी ठेवली.

"टीचर, चूडु! टीचर, चूडु!"

"आगं थांब, दोनच राहिलेत," म्हणत सेविकेनं मान वर केली, तेव्हा मनोरा अजून उभा होता.